वेल्डाने फाटक उघडलं नाही

आमच्या नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत एप्रिल महिना ज्यांना आवडतो, त्यांच्याकडे गुरं नसतात.

वेल्डा क्रायचेक माझी शेजारीण, म्हणजे मध्ये चार मैल. वय एकाहत्तर. नवरा डेल्मर जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मांसासाठी पाळलेल्या नव्वद गायींचं ती एकटी बघते. "कसं काय?" विचारलं तर ती स्वतःचं सांगतच नाही, गायी काय खातायत ते सांगते. "टेकडीवर चरतायत," म्हणजे उन्हाळा बरा चाललाय. "कापलेल्या कुरणात सोडल्यात," म्हणजे वासरं विकून झाली, थंडी लागली. "पेंड टाकतेय," म्हणजे डिसेंबर. उभं गवत वाळून नुसत्या काड्या उरलेल्या, त्यात दम नाही, म्हणून रोज पिकअपचा भोंगा वाजवत पेंड टाकत फिरायचं. आणि "गठ्ठे फोडतेय," म्हणजे बर्फ इतकं, की गायींना खाली तोंड घालता येत नाही. मग जुलैत कापून ठेवलेल्या गवताचे माणसाएवढे गोल गठ्ठे ट्रॅक्टरने ओढून पसरायचे. रविवार असो, ताप असो, गुडघा सुजलेला असो.

गेल्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही आणि तिच्या कुरणानं निम्मंच गवत दिलं. वर मार्चमध्ये बर्फावर कडक पापुद्रा धरला तो तीन आठवडे सुटेना. एप्रिलच्या वीस तारखेला तिच्याकडे नव्वद गायींना पंधरा दिवस पुरेल एवढं गवत उरलं होतं, आणि टेकडीवरचं हिरवं तयार व्हायला अजून बावीस दिवस होते.

मी गेलो तेव्हा सगळ्या गायी टेकडीच्या कुंपणाच्या तारेला छाती लावून हंबरत होत्या. वाऱ्यावर हिरव्याचा वास येत होता, पुढ्यातल्या गवताला एक तोंड लावत नव्हती.

"उघड की फाटक," मी म्हटलं. "हिरवं दिसतंय सगळं."

"दिसतंय. दोन बोटं आलंय आणि नुसतं पाणी आहे त्यात. पोट भरतं, अंगी लागत नाही. आत्ता खाल्लं तर मुळाशी काही राहणार नाही. मग जूनमध्ये काय घालू, माझं डोकं? डेल्मरनी एकदा घाई केली होती. ती टेकडी अजून धड झालेली नाही."

"गायी शिव्या देतायत तुला."

"देऊ देत. सासूनं याहून चांगल्या दिल्यात."

मी हसलो. ती हसली नाही. ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून तिनं हातमोजे काढले.

"मर्ल, कंटाळा आलाय रे मला. गायींचा नाही. सकाळी डोळे उघडले की आधी दुसऱ्याच्या पोटाचा विचार, ह्याचा."

मी "हं" म्हणालो. एवढंच म्हणालो.

एप्रिलमध्ये आमच्याकडे कुणी कुणाकडे गवत मागत नाही. मागितलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्याचंही संपत आलेलं असतं. दुसऱ्याच्या गंजीकडे बघणंसुद्धा वाईट दिसतं. माझ्याकडे माझ्या गुरांपुरतं ठेवून पंचवीस गठ्ठे जास्तीचे होते, रस्त्याकडेलाच. तेवढ्यात तिचं भागलं असतं. पण मेमध्येही बर्फ पडतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घट्ट मुठीचा माणूस आहे आणि तिनं मागितलं नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं.

त्या आठवड्यातच तिनं गायी विकायला न्यायचा ट्रेलर मागवला. तीस गायी, त्यांच्या वासरांसकट. तीस गेल्या तर उरलेल्या साठांना गवत पुरत होतं. चढवायला मी गेलो होतो, तेवढा शेजारधर्म मला येतो. जुन्या, डेल्मरच्या हातच्या गायी तिनं काढल्या होत्या. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून ती आत सोडत होती. एक म्हातारी फळीवरच अडली. तिच्या कानाशी वेल्डा हळूच म्हणाली, "चल गं, मी तरी काय करू?"

ट्रेलर गेल्यावर ती सरळ उरलेल्यांचा गठ्ठा फोडायला गेली.

मे महिन्यात बर्फ काही पडलं नाही. बारा तारखेला तिनं फाटक उघडलं. साठ गायी आत गेल्या, माना खाली घातल्या आणि सगळीकडे गवत तोडल्याचा आवाज सुरू झाला. मी कुंपणाशी उभा होतो. माझे पंचवीस गठ्ठे होते तसे पडून होते आणि मला माझीच लाज वाटत होती.

"वेल्डा, माझ्याकडे गवत होतं," मी म्हटलं. "एकदा म्हणायचंस तरी."

"माहीत होतं. गावात जाताना दिसतं ना रस्त्यावरून."

"मग?"

ती गायींकडेच बघत होती.

"मला वाटायचं, आज येशील. ट्रेलर दाराशी लागेपर्यंत वाटत होतं रे."