फ्लॅश न्यावा की लेन्स: भवानी पेठेतल्या एका मागापाशी

आमच्या घरात भांडणं साधारणपणे गॅस सिलिंडर आणि पाहुणे या दोनच विषयांवर होतात. फेब्रुवारीत मात्र सलग चार दिवस फ्लॅशवरून झालं. मला सोलापूरला एक फोटो काढायला जायचं होतं. खोली अंधारी आहे एवढंच ठाऊक होतं. मी म्हणत होते, मोठ्या तोंडाची फास्ट लेन्स न्यावी. असेल तेवढा उजेड ती आत ओढते आणि कुणाच्या डोळ्यांत काही मारत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, "अंधारात उजेड नसतोच, तर ओढणार काय? फ्लॅश ने!" यांनी आयुष्यात फक्त गणपतीचे आणि नव्या गाडीचे फोटो काढलेत, पण मत ठाम.

शेवटी दोन्ही घेतलं. पन्नास मिलीमीटरची एफ १.८ फास्ट लेन्स भाड्याने आणली आणि फ्लॅश ह्यांच्या मित्राकडून मागून घेतला. बॅग अशी जड झाली की कॅमेरा नेतेय की पाटा-वरवंटा, कळेना.

आता हा फोटो कुणाचा, ते सांगते. सरोजा माझ्याच शाळेत शिकवते आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहते. माहेर सोलापूरचं, भवानी पेठेतलं, घरात तेलुगू. तिचे वडील, ज्यांना ती नान्ना म्हणते, पन्नासएक वर्षं हातमागावर भिंतीवर टांगायची चित्रं विणताहेत. मोर, हरणं, देवळं, जे मागाल ते धाग्यात. आता नजर अधू होत चालली म्हणून त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, हातातलं चित्र शेवटचं. सोमवारी माणसं येऊन माग उकलून नेणार होती. सरोजाचा पाय प्लास्टरमध्ये. तिच्याकडे वडिलांचे लग्नातले फोटो होते, आधार कार्डावरचा होता, पण मागावर बसलेला एकही नव्हता.

"एकच आण," ती म्हणाली. "हात दिसू देत, पण चेहरा पाहिजेच. सोमवारनंतर ते तिथं नसणार गं."

एवढं ऐकल्यावर भांडायला बळच राहत नाही. शुक्रवारी सकाळी निघाले.

पुण्याहून सोलापूरला वेगवान गाड्या पुष्कळ आहेत, साडेतीन-चार तासांत पोचवतात. मी उशिरा जागी झाले आणि माझ्या नशिबी प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करणारी गाडी आली. पण तक्रार नाही. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांशी हिंडत राहिलं की भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसतं, मग ऊस, मग केळीच्या बागा. जेऊरला एक मावशी चढल्या, मांडीवर केळ्यांची भलीमोठी फणी. जरा वेळाने विचारलं, "मावशी, एक फोटो काढू?"

"काढा की. पर केळी बी येऊ द्या."

लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढला. नथ अशी आली की मोती मोजून घ्यावेत. मावशींनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं आणि स्वतःचा कान चाचपला. "माजा कान कुटं गेला गं बाई? आन केळी?"

कान धुरकट झाला होता आणि केळ्यांचा नुसता पिवळा ढग. फास्ट लेन्सचं हे असं असतं. पूर्ण उघडली की उजेड भरपूर देते, पण बोटभर अंतरातलंच स्पष्ट ठेवते. नाक घ्याल तर कान सोडा. मला हे पुस्तकातून माहीत होतं. मावशींनी ते एका वाक्यात सांगितलं आणि वर दोन केळी दिली.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये सामान टाकलं. खोली साधी, चादर अर्थातच सोलापुरी. दुपारी खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याची वाटी आणि डाळ-वांगं. कडक भाकरी पहिल्यांदा खाणाऱ्याने लाजू नये, ती मोडताना आवाज येतोच. चटणीवर दही घालून खाल्लं आणि लाज सोडून दुसऱ्यांदा चटणी मागितली. मालक म्हणाले, "घ्या की, शेंगाला काय तोटा हाय व्हय हितं?"

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. नक्की जा, आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जा. पाण्याच्या मधोमध देऊळ, एकेक दिवा लागत जातो, आणि पाणी आधी निळं, मग जांभळं, मग काळं होत जातं. या शहराला लोक धुरळ्याचं आणि उन्हाचं म्हणून हिणवतात. त्यांनी इथं एक संध्याकाळ काढावी. मी लेन्स दगडी कठड्यावर टेकवून फोटो काढत होते. शेजारी एक कुटुंब तळ्यावर सारखे फ्लॅश मारत होतं. फ्लॅश चार-पाच मीटरपलीकडे जातो कुठला? त्यांच्या फोटोत फक्त कठडा लख्ख येत होता. मी मनातल्या मनात ह्यांना एक टोमणा मारला आणि लेन्सला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

शनिवारी सकाळी नऊला रिक्षाने भवानी पेठ. मीटरच्या भानगडीत न पडता आधीच ठरवून घ्या. गल्लीत शिरताच यंत्रमागांचा खडखडाट, इतका की रिक्षावाला सुट्टे देताना बोलला ते मला फक्त ओठांवरून कळलं. पण सरोजाच्या घराचं दार ओलांडून मागच्या खोलीकडे गेलं की तो आवाज भिंतीपलीकडे राहतो. तिथं फक्त एकच ठक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठक.

अम्मा, म्हणजे सरोजाची आई, दारातच थांबल्या आणि मलाही थांबवलं. "जरा थांबा. आत्ताच बसलेत. डोळे मुरू द्या."

मला वाटलं, लोणच्याबद्दल बोलताहेत. मग आत पाहिलं. नान्ना मागावर बसले होते, डोळे मिटून. बारीक अंगाचे, बंडी घातलेले, कपाळावर विभूती. खोलीत दिवा नाही. छपरात हातभर काच बसवलेली, तेवढाच काय तो उजेड. अम्मांनी समजावलं. बाहेरच्या उन्हातून आलं की ते दहा मिनिटं डोळे मिटून बसतात. त्याशिवाय काळसर रंग एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत. ट्यूब लावली तर सोपं होईल ना, मी विचारलं.

नान्नांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "ट्यूब खोटं बोलती, बाई. तिच्याखाली तपकिरी आन मरून एकच. या, बसा हितं."

ते विणत होते ते चित्र माझ्या ओळखीचं निघालं. काल संध्याकाळचं तळं! देवळाचा कळस झाला होता, तळाचं शेवटचं चार बोटं पाणी उरलं होतं. ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली आराखड्याचा कागद, उजव्या हाताशी रंगीत सुताच्या वीसेक कांड्या. त्यातल्या पाच मला सरळ सरळ काळ्या दिसत होत्या. नान्नांच्या लेखी एक काळी, एक जांभळी, दोन निळ्या आणि एक हिरवी. त्यांची बोटं न चाचपडता नेमकी कांडी उचलत, चार धाग्यांखालून काढत, ठेवत, दुसरी उचलत. दोन बोटं रुंद पाणी विणायला सकाळ जाते. मी हे पाहत बसले आणि कॅमेरा काढायचं विसरले, हे खरं सांगते. इतकं कौतुक मला फार कमी वेळा वाटलं आहे.

मग कामाला लागले आणि घाम फुटला. लेन्स पूर्ण उघडी, तरी नान्नांचे हात हलले की फराटे. हात स्पष्ट आले तर चेहरा जेऊरच्या मावशींच्या कानासारखा गायब. चेहरा धरला तर हातांच्या जागी ढग. आणि सरोजाला दोन्ही हवं होतं. तासाभरात चाळीस फोटो झाले, एकही धड नाही. सोमवार डोक्यावर बसलेला.

मी फ्लॅश काढला. ह्यांनी पढवून ठेवलं होतं, "थेट मारू नकोस, छताकडे तोंड कर, उजेड मऊ होऊन खाली येतो." छत पांढरं असेल तर येतो. इथं पत्रा, आणि तोही धुराने काळा. उजेड वर गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा मी जे करायला नको होतं ते केलं. दारात अम्मांशेजारी जाऊन उभी राहिले, फ्लॅशचं तोंड सरळ केलं आणि दाबलं.

नान्नांनी दचकून मान वर केली, आणि बोट दाबलेलंच राहिल्याने तेवढ्यात दुसराही फ्लॅश उडाला. अम्मा शेजारून "अय्यो!" म्हणून ओरडल्या. मी माफी मागत सुटले. नान्ना हसून म्हणाले, "काय न्हाय, काय न्हाय, काढा तुमी," आणि पाहुणी ताटकळू नये म्हणून डोळे न मुरवताच पुन्हा विणायला लागले. त्यांची चूक म्हणाल तर एवढीच, भिडेची.

साडेअकराच्या सुमारास छपरातल्या काचेतून ऊन सरकत सरकत मागावर आलं. नान्नांचा हात थांबला. जांभळ्या पाण्यात चार ओळी काळ्या गेल्या होत्या. मला अजूनही नीट दिसत नव्हत्या, त्यांनी बोट फिरवून दाखवल्या. मग त्यांनी सुई घेतली आणि एकेक धागा उसवायला सुरुवात केली. तासाभराची मेहनत, पन्नास वर्षांच्या शेवटच्या चित्रातली, आणि ती मी वाया घालवली होती. मला रडू आलं. अम्मांनी मला आत नेऊन चिंचेचा भात वाढला. तो फार चांगला होता, हे रडतारडताही कळलं.

"उद्या याच टायमाला या," नान्ना निघताना म्हणाले. "ह्यो उजेड अर्धा तास ऱ्हातो. मी बी रंग ह्याच उजेडात ठरवतो. आज तुमी लई घाई केली."

रविवारी सव्वाअकरालाच जाऊन कोपऱ्यात बसले. फ्लॅश लॉजवर ठेवला होता. ऊन आलं, आधी सुतावर, मग हातांवर, मग खाली झुकलेल्या कपाळावर. आता लेन्स थोडी मिटायला वाव होता. एफ ४ वर नेली, म्हणजे तोंड लहान आणि स्पष्ट येणारं अंतर जास्त. मावशींचा कानही आला असता. चेहरा आणि हात, दोन्ही. ताण्यावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर पडलेला, डोळे धाग्यावर. दहा-बारा फोटो काढले आणि उठले. असे फोटो मी याआधी काढले नव्हते, यापुढेही निघतील की नाही कोण जाणे. येताना अम्मांनी शेंगापोळ्या बांधून दिल्या, त्या आठवडाभर टिकतात म्हणे. आमच्याकडे दौंडपर्यंत टिकल्या.

तर तुम्ही विचाराल, काय न्यावं? लेन्स न्या. जिथं माणसं काम करताहेत, पूजा करताहेत, झोपली आहेत, तिथं लेन्सच. आणि सोबत एक पूर्ण दिवस जास्तीचा न्या, कारण उजेडाची वेळ तिथल्या माणसाला ठाऊक असते, आपल्याला नसते. हे मी ह्यांना ऐकवलं आणि विजयी चेहऱ्याने लॅपटॉप घेऊन सरोजाकडे गेले.

उन्हातले सगळे फोटो तिने पाहिले. "छान आलेत गं," ती म्हणाली, पाहुण्यांकडचा शिरा चांगला झालाय म्हणावं तशी. मी हिरमुसले. ती एकेक करत मागे जात राहिली आणि एका ठिकाणी थांबली. तो दुसऱ्या फ्लॅशचा फोटो होता. मी पुसायचा राहिलेला. कपाळ पांढरंफटक, मागच्या भिंतीवर काळी कुट्ट सावली, सगळं काही चुकलेलं. आणि मधोमध नान्ना, हातात कांडी, डोळे मोठे करून सरळ समोर बघताहेत.

"हा दे," सरोजा म्हणाली.

"अगं, तो बिघडलाय."

"शाळेतून आले की मी त्या दारात उभी राहून हाक मारायचे," ती म्हणाली. "ते सगळं विचारायचे, डबा खाल्ला का, गणितात किती मिळाले. पण मान खाली. मान वर केली की धागा चुकतो, हे घरात सगळ्यांना माहीत. तू उभी होतीस ना, तीच माझी जागा." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "मागावरून असं समोर बघताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही."

तिने तिथंच बसून सोलापूरला फोन लावला आणि तेलुगूत बरंच बोलली. मला फक्त "फ्लॅश" एवढा एकच शब्द कळला, आणि मी जमिनीत गेले. पलीकडून नान्ना थोडंसंच बोलले. तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, चार ओळी गेल्या तर गेल्या. तुझ्याकडं बघितलं की नाही मी?"