चाळणीबाईंनी काढून टाकलेला उंचवटा

रेडिओ दुर्बिणीच्या कचेरीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, आणि बाईंना ते आवडेही. आकाशातून आलेल्या लहरींचे आकडे घ्यायचे, त्यांत मिसळलेला मोबाइलचा आणि विमानांचा गोंगाट वेगळा काढायचा, उरलेल्या ठिपक्यांवर प्रोग्रॅमने वक्ररेषा बसवायची. बावीस वर्षं हे काम त्या डोळे झाकून करत आल्या होत्या. तेच नडलं.

त्या दिवशी नव्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम चढवताना, वगळायच्या आकड्यांची यादी जोडायची राहिली. एका वायूच्या ढगाच्या आलेखात कायम एकच उंचवटा यायचा. आज त्याच्या शेजारी दुसरा दिसला. बाईंनी वर्षभराच्या न चाळलेल्या नोंदी काढल्या. गोंगाट असता तर एकाच जागी ठाण मांडून बसला असता. हा मात्र पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यानुसार महिन्यागणिक सरकत होता, अगदी पहिल्याइतकाच. म्हणजे तो आकाशातला होता आणि बाई त्याला दरवेळी केरात टाकत होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरची, सगळे जिला धाकटी म्हणत ती मुलगी नेमकं हेच सांगायला आली होती. "ताई, इथे काहीतरी आहे हो."

"कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम केला असेल, त्याचा गोंगाट," म्हणून बाई हसल्या होत्या. साहेबांनी बाईंचाच शब्द मानला. त्या उंचवट्यावरचा धाकटीचा प्रबंध नामंजूर झाला आणि ती नोकरी सोडून गेली. आता ती चष्मे विकते.

यादी परत जोडली की उंचवटा गायब, कुणाला पत्ताही लागला नसता. बाईंचं बोट कीबोर्डवर गेलंसुद्धा. साहेबांचा संताप, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, पाठीमागे हसणारे लोक, सगळं डोळ्यांपुढे नाचू लागलं. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट मागे घेतलं आणि धाकटीला फोन लावला.

"तुझा उंचवटा खरा होता गं. मीच काढून टाकत होते."

पलीकडे चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला.

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही अजून. फार भीती वाटते गं."

"मलाही वाटायची, ताई," धाकटी म्हणाली. "तरी मी तुमच्याकडे आले होते."