थोरल्या जावयाने बसवलेला सायलेन्सर

होणाऱ्या साडूला लग्नाच्या आदल्या संध्याकाळी भर रस्त्यात धुरी देऊन काळा करावा, असा माझा मुळीच हेतू नव्हता.

मी मूळचा साताऱ्याचा. विमा कंपनीच्या नोकरीने मला मद्रासला नेऊन टाकलं आणि तिथल्याच एका तंजावरी मराठी घराने मला जावई करून घेतलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मद्रास तेव्हा मद्रासच होतं. सासुरवाडी ट्रिप्लिकेनला. घरातली मराठी पणजोबांच्या पणजोबांची, तिला तमिळची फोडणी! पण खरी गंमत जावयाच्या मानाची. तिथे जावई म्हणजे 'माप्पिळ्ळै', आणि माप्पिळ्ळै चुकत नाही. मी एकदा बोलण्याच्या नादात रसममध्ये ताक ओतलं, तर सासूबाई म्हणाल्या, "असंही बरं लागतंय कीं!" आणि सगळ्या पंगतीने निमूटपणे आपापल्या रसममध्ये ताक ओतलं. (बरं लागत नाही. करून बघू नका.)

सासऱ्यांकडे (मी त्यांना मामा म्हणायचो) एक लाल विलायती स्पोर्ट्स कार होती. दोन सीटांची, टप नसलेली, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. चहाच्या मळ्यावरचा कुणी साहेब मायदेशी जाताना त्यांना देऊन गेला होता. मामा तिच्यावर पोटच्या पोरींइतकीच माया करायचे. पोरींना याबद्दल शंका होती. त्यांच्या मते माया गाडीवर जास्त होती.

या गाडीला घरात एक मानाचं काम होतं. आपल्याकडे जानवसा म्हणजे वऱ्हाड उतरतं ती जागा. तिकडे 'जानवासम' म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या मोटारीत बसवून देवळापासून कार्यालयापर्यंत वाजतगाजत नेणं. माझ्या लग्नात मीही या लाल गाडीतूनच मिरवलो होतो. आता धाकट्या मेहुणीचं, वत्सलाचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी मागितलं काहीच नाही. मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "आमचा रघु त्या लाल वंडीतून यावा, एवढी हौस अहे." मामांनी शब्द दिला.

आणि लग्न तोंडावर आलेलं असताना मी बायकोला, कमलाला, त्याच गाडीतून मद्रासजवळच्या कोवलमला समुद्र दाखवायला घेऊन गेलो!

परतताना कोळीवाड्याजवळ गाडी एका खड्ड्यात आपटली. मागे काहीतरी खणखणलं. एक कोळीण हातातली टोपली टाकून, हातवारे करत आमच्या मागे धावायला लागली. किती प्रेमळ लोक, असं म्हणून मी तिला टाटा केला. आमचा सायलेन्सर रस्त्यात पडलाय, हे ती बिचारी सांगत होती. पुढे इंजिनाने जो काही आवाज काढला तो विचारू नका. आम्ही ट्रिप्लिकेनला वळलो तेव्हा गल्लीतल्या म्हशी दावी तोडून पळाल्या, आणि बंदरातलं एखादं जहाज दारात आलं की काय, अशा चेहऱ्याने मामा बाहेर आले.

त्यांनी वाकून खाली पाहिलं. सायलेन्सर नव्हता. शेपटीचा नळ तेवढा तारेला लोंबकळत होता. मामा मला एक अक्षर बोलले नाहीत, बोलणार कसे? पण ते पायरीवर मटकन बसले आणि पुटपुटले, "शब्द दिलाय हो मी." मला फार वाईट वाटलं.

"मेकॅनिकास बोलवूंया?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना!"

कमलाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या साताऱ्याच्या घरी एकच वाहन होतं, सायकल, आणि तिची चेन पडली की थोरला भाऊ बसवायचा, हे तिला ठाऊक होतं. पण नवरा मुलगा रघु स्वतः मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर! त्याच्यासमोर थोरला जावई करामत दाखवणार नाही तर कोण?

पुदुपेट्टैला जुन्या मोटारींच्या सामानाचा बाजार आहे. तिथून सायलेन्सर आणला, जुना नळ दाखवून तसाच नवा वाकवून घेतला. मग गाडी विटांवर चढवून मी खाली सरपटलो. पहिला बोल्ट फिरवला आणि पोतंभर गंज माझ्या डोळ्यात पडला. दुसरा फिरेना, तेव्हा सासूबाईंचा बत्ता मागवला. त्यांनी तो धुऊन, पुसून आणून दिला! इंजिनाचा नळ जोडला, सायलेन्सर टांगला, आणि शेपटीचा नळ हातात घेतल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मामा, ह्याचं तोंड खाली कशाला?"

"पहिल्यापासून तसंच होतं, म्हणून…"

"मिरवणुकीत गाडीच्या मागे कोण चालतं?"

"बायका."

"कांचीपुरमच्या साड्या नेसून! मग हा सगळा धूर कुठे जाणार?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही म्हणतां तें शरी अहे," ते म्हणाले. (शरी म्हणजे बरोबर. तंजावरी माणूस दुसरं काहीच म्हणता येत नसलं तरीही शरीच म्हणतो, हे मला फार उशिरा कळलं.)

मी नळ उलटा फिरवला आणि त्याचं तोंड आभाळाकडे करून टाकलं.

"अहो, पण वर तर…" कमलाने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिला चिमटा काढला. "माप्पिळ्ळै काम करतांत. तूं आंत जा!"

एवढ्यावर थांबतो तर मी कसला! फाटकाला लावून उरलेला काळा ऑइलपेंट कोपऱ्यात होता. मी नवाकोरा सायलेन्सर नळासकट काळाकुळकुळीत रंगवला.

"पेंट… तापल्यावर…" मामांनी चाचरत सुरुवात केली.

"चमकेल!"

"शरी."

गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली. गाडी मांजरीसारखी गुरगुरत गेली आणि आली. घरादाराने टाळ्या वाजवल्या. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचंच असावं असं मी धरून चाललो.

जानवासमची संध्याकाळ आली. सासऱ्यांनी घेतलेला मलई रंगाचा सूट घालून, गळ्यात हार घालून रघु देवळातून बाहेर आला. गाडी दोनच सीटांची, म्हणून नवरदेवाने पाठीमागच्या डिकीवर बसायचं आणि पाय सीटवर सोडायचे, अशी रीत. म्हणजे नवरदेवाची पाठ नेमकी कशाच्या वर येते, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलं असेलच. माझ्या आलं नव्हतं!

चढण्यापूर्वी रघु मागे थबकला. त्याने नळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे.

"तुम्ही बसवलांत?"

"मीच!"

तो इंजिनिअर होता, पण थोरला साडू म्हणजे वडील माणूस. "रोंब… वेगळं अहे," (रोंब म्हणजे फार) एवढंच म्हणून तो गुमान वर चढून बसला.

पुढे नादस्वरम आणि तवील दणक्यात वाजत होते, मागे बायका, आणि मध्ये मी, नवी वेष्टी नेसून, स्टिअरिंगवर! मिरवणूक मुंगीच्या पावलांनी चालली. अशा चालीत इंजिन तापतं. इंजिन तापलं की सायलेन्सर तापतो. सायलेन्सर तापला की ऑइलपेंट काय करतो, याचा अनुभव निदान मला तरी नव्हता.

लोक गच्च्यांवर येऊन बघायला लागले. मी मान झुकवून नमस्कार केला. लोक बोटं दाखवायला लागले. मी हात हलवला. काहीतरी जळल्याचा वास आला, कुणाचे तरी वडे करपले असं वाटून मी हळहळलो. बाजूच्या आरशात कमला जिवाच्या आकांताने दोन्ही हात हलवत होती. तिला इतका आनंद झालेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. म्हणून मीही हात हलवला.

मग पुढचा तवीलवाला सहज मागे वळला आणि त्याचा हात हवेतच थांबला. मी मागे पाहिलं. तिथे एक हार होता आणि हाराच्या वर दोन डोळे होते. बाकी सगळं आमच्या फाटकाच्या रंगाचं झालं होतं.

मी गाडी बंद केली. वाद्यं थांबली. मुलाचे वडील पुढे आले, आणि मामा हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. एवढ्या वर्षांचा त्या माणसाचा मान मी एका नळाने घालवला होता! "साड्यांसाठी… बायकांच्या साड्यांसाठी…" एवढंच मला बोलता आलं.

रघुने मागे वळून बायकांकडे नीट पाहिलं. मग खोकला. "साड्या वांचल्या," तो म्हणाला आणि खाली उतरून चालायला लागला. त्याच्या वडिलांनी "परवाइल्लै, परवाइल्लै," म्हणजे असू दे, असं म्हटलं खरं, पण माझ्याकडे न बघता. उरलेली मिरवणूक पायीच झाली. रघुला खोबरेल तेलाने पुसून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाआधी काशीयात्रा होती. यात नवरदेव छत्री आणि काठी घेऊन 'मी संसार सोडून काशीला चाललो' म्हणून निघतो, आणि मुलीचे वडील त्याला विनवून परत आणतात. चार पावलांचा खेळ. पण रघु थांबेचना! कार्यालयाचं फाटक ओलांडून तो रस्त्याला लागला. मामा धोतर सावरत मागे धावले. आता हा खरोखरच जातो की काय, म्हणून मीही मामांच्या मागे धावलो.

"परत या हो, परत या!" मामा कळवळून म्हणाले.

रघु थांबला. "येतों. पण एक अट अहे."

मामांना घाम फुटला. आता स्कूटर मागतो की घर? रघुने छत्री मिटली आणि तिचं टोक थेट माझ्यावर रोखलं.

"थोरल्या माप्पिळ्ळैंनीं पुन्हा कधीं त्या गाडीखालीं जाऊं नये."

त्या घरात हे वाक्य बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. जावयाला बोलू शकेल असा एकच प्राणी, दुसरा जावई, आणि त्याची सगळे किती आतुरतेने वाट बघत होते ते मला त्या क्षणी दिसलं! "दिला! शब्द दिला!" मामा भटजींच्याही आधी ओरडले. सासूबाई पदरात तोंड लपवून खदखदून हसल्या. रघुचे वडील मामांच्या गळ्यात पडून हसले. टाळ्या वाजवण्यात कमला सगळ्यांच्या पुढे. आणि मंगळसूत्र बांधताना वाजवायचा तो मोठा दणका वाजंत्रीवाल्यांनी राहवेना म्हणून तिथेच उडवून दिला.

मंगळसूत्राच्या वेळी त्यांनी तो पुन्हा वाजवला म्हणा, पण पहिल्याइतका जोर काही त्यात नव्हता.