मुदत संपलेला कप्तान

रविवारी दुपारी औषधांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि आमचा पडदा वर जातो. मागची खोली. खोकल्याच्या औषधांची खोकी, चौकोनी टेबल, त्यावर गोळ्या मोजायचा निळा ट्रे. त्यात फासे. भोवती तिघं: दुकानाचे मालक, खेळ चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी, रंगभूमीवरून निवृत्त झालेली.

खेळ अंतराळातला. वहिनी प्रसंग सांगतात, आम्ही आपापलं पात्र बोलतो, निकाल फासे देतात. तिशीतच मला नाटकात आईच्या भूमिका गळ्यात पडल्या होत्या. इथे चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक आहे. देव भलं करो या टेबलाचं!

मालक यानाचे कप्तान. वीस वर्षं तेच पात्र. खेळात चाळिशीनंतर दर चार वर्षांनी म्हातारपणाचे दोन फासे टाकावे लागतात. बेरीज आठाच्या खाली आली, तर तब्येतीचा एक आकडा कमी. शून्यावर पात्र मेलं. वय रोखणारी गोळी चालू असेल तर फासे लांबणीवर, पण गोळी निकामी झाली की राहिलेले सगळे एकदम. कप्तान खेळातली चोवीस वर्षं बेचाळिशीतच होते.

त्या रविवारी त्यांनी चष्मा पुसला, कप्तानाचा कागद डोळ्यांजवळ धरला आणि दोनदा वाचला.

“काय झालं?” वहिनी म्हणाल्या.

“या गोळ्यांची मुदत मागच्याच फेरीत संपली.”

“अहो, खेळाच्या पुस्तकात मुदतबिदत काही नाही!”

“माझ्या कागदावर आहे. घेतानाच लिहिली होती.”

“खेळातल्या गोळीला मुदत लिहिणारा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता!”

“मी कुणाच्या लक्षात आणून देणार नाही,” मी म्हटलं. “पुढचा प्रवेश सुरू करा.”

“बाई, चाळीस वर्षांत मुदत संपलेली गोळी गिऱ्हाइकाला दिली नाही. आपल्याच माणसाला देऊ?”

सहा वेळा फासे टाकायचे होते. तब्येत पाच. पहिल्यांदा सहा आले. मग पाच. मग नऊ, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सात, मग चार. तब्येत एकावर. वहिनींनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नवऱ्याचा कप्तान त्यांनीच वीस वर्षं वादळांतून वाचवत आणला होता.

“राहू द्या ना हो,” त्या हळूच म्हणाल्या.

मालकांनी ट्रे जवळ ओढला. फासे कडेला आपटले, फिरले. चार. दुसरा गोळ्या ओतायच्या खाचेत अडकला, कलला, थांबला. चार.

“आठ!” मी अशी ओरडले की समोरचा चहावाला शटरखालून डोकावला. वहिनी हसत, डोळे टिपत कागदावर लिहू लागल्या: वय सहासष्ट.

“घ्या, तुमच्या बरोबरीचा झाला,” त्या म्हणाल्या. “आता दोघांच्याही गुडघ्यांची रडगाणी मीच ऐकायची.”

मालकांनी कागद निरखला. लग्नाचा जुना फोटो बघावा तसे हसले. मग यानाचं सुकाणू, म्हणजे टेबलावरचं बाटलीचं झाकण, माझ्याकडे सरकवलं.

“चालवा तुम्ही, बाई. मी खिडकीशी बसतो, इतकी वर्षं बाहेर बघायचंच राहिलं. फक्त वळणावर सावकाश हं, तब्येत एकावर आहे.”