शनिवारचा कराचा तास

पंधरा वर्षं मी अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवते. त्या पंधरा वर्षांत सांगण्यासारखं जे घडलं ते एका चहात संपतं. पण शनिवारचा कराचा तास गळ्यात पडला आणि एकाच वर्षात एवढं साचलं, की घरी सगळे म्हणतात, "बस झालं आता!"

झालं असं, की कामरगावजवळच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या मनात आलं, कॉमर्सच्या पोरांना घरचा आणि धंद्याचा कर मोजता आला पाहिजे. मी म्हटलं, "सर, मला नाही येत हो!"

सर म्हणाले, "असं कसं? तुमच्या पगारातून कापला जातो ना?"

म्हणजे दात काढून घेतला की माणूस डेंटिस्ट झाला! माझं रिटर्न अकोल्याचे भाऊजी भरतात. मी फक्त ओटीपी सांगते.

*

पहिल्याच तासाला मी घोळ केला. विचारलं, "सांगा, घरचं उत्पन्न किती?"

ऋषभ उभा राहिला, किराणा दुकानवाल्यांचा मुलगा. "मॅडम, घरी सांगून ठेवलंय. कोणी विचारलं तर म्हणायचं, धंद्यात काही राहिलं नाही."

मागून पल्लवी बोलली, "आमच्याकडं उलटं हाय. बाबा खरं असते त्याच्या डबल सांगतात!"

या पल्लवीपायी वर्षभर माझा जीव टांगणीला होता. पोरगी वर्गात सगळ्यात हुशार, तिला करसल्लागार व्हायचं. आणि वडील देवराव जूनमध्येच येऊन बजावून गेलेले, "मॅडम, एक वर्ष देतो. मार्चमध्ये माहा कर मोजून दाखवला तर बारावी. नाही तर दाखला काढतो अन् शिवनक्लासले घालतो."

आता बोला! परीक्षा तिची, आणि शिकवणारी कोण, तर मी!

*

खरं उत्पन्न कोणी सांगेना, म्हणून मी फळ्यावर एक माणूस तयार केला. रमेशराव, नोकरी, पगार अमुक, घरभाडं तमुक.

एकानं विचारलं, "मॅडम, हे रमेशराव कोन्या गावचे?"

"काल्पनिक आहेत रे."

"मंग त्यायचा कर आपन काहून मोजून राह्यलो?"

पण चार शनिवारांत पोरांना रमेशरावांचा इतका लळा लागला, की त्यांचा कर वाढला की वर्ग हळहळायचा. मग मी चाचणी घेतली. "रमेशरावांचा कर काढा." एकवीस पेपरांत एकच उत्तर! "रमेशरावांनी नोकरी सोडून शेती घेतली. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. सबब, कर शून्य."

मी पेपर घेऊन सरांकडे गेले. सरांनी तीनदा वाचलं आणि विचारलं, "गणित चुकलंय का?"

"नाही."

"मग बरोबर आहे?"

"तसंही नाही, सर."

शेवटी मी सगळ्यांना अर्धे मार्क दिले. कशाचे दिले, ते अजून मला सांगता येत नाही.

*

धंद्याचा कर समजावा म्हणून पोरांना खोटं खोटं जीएसटीचं दुकान थाटायला लावलं. समोसे मात्र खरे. गल्ल्यावर ऋषभ, बिलबुक हातात. उद्घाटनाला सर आले, कराचं महत्त्व यावर पंधरा मिनिटं बोलले, टाळ्या झाल्या. मग पहिलं गिऱ्हाईक म्हणून गल्ल्यासमोर उभे राहिले.

ऋषभनं दुकानातल्या सवयीनं विचारलं, "सर, पक्कं बिल की कच्चं?"

सरही सवयीनंच म्हणाले, "कच्चं दे."

*

मग आली जुनी कररचना आणि नवी कररचना. मी फळ्याचे दोन भाग केले, एकच पगार दोन्हीकडे मांडला. दोन उत्तरं आली. पोरं म्हणाली, "खरं कोनतं?"

"दोन्ही खरी. ज्यात कमी येईल ते घ्यायचं."

पल्लवीनं विचारलं, "मंग ज्यात जास्त येते ते ठेवलं कायले?"

मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. रात्री भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, असं विचारायचं नसतं."

*

मार्चमध्ये देवराव आले. हिशोबाची डायरी पल्लवीच्या बाकावर आपटली. "मोज."

पल्लवीनं सोयाबीन, तूर, हळद, संत्री, सगळं मांडलं. खाली रेघ मारली. "शून्य, बाबा."

"शून्य? सालभर शिकून शून्य?" देवराव उभेच राहिले. "बावीस एकर हाय माहं! त्या किरानावाल्याले कर येते अन् मले नाही? म्हनजे तो मोठा मानूस?"

मी सांगितलं, शेतीला कर नसतो. वर्षभरात मला खात्रीनं माहीत असलेली ही एकच गोष्ट, आणि माणूस ऐकेना!

"असं कसं नसते? लाव ना काहीतरी! दोन-चार हजार तरी लाव, गावात सांगाले बरं वाटते!"

"नाही लागत, बाबा."

"मंग मॅडम, दाखला काढा."

मला रडूच यायचं बाकी होतं. पल्लवी मात्र डायरीची मागची पानं उलटत होती. "बाबा, हे कायचं?"

"हार्वेस्टरचं. दोन हायेत ना आपले!" देवरावांची छाती फुगली. "आसेगाव, किन्हीराजा, जिकडं बलावलं तिकडं जातात. लोकायचं सोयाबीन काढून देतो. भाडं येते."

पल्लवीनं पेनाचं टोपण काढलं. "मंग हे शेतीत नाही धरत. लोकायच्या वावरातलं भाडं म्हनजे धंदा. याले कर येते." आणि माझ्याकडे वळली. "बरोबर ना, मॅडम?"

मला खात्री नव्हती. तिला होती. मी मान हलवली.

देवराव हळूच बाकावर बसले. "आंधी शून्य आलं होतं, तेच बरोबर होतं."

"चुकलं होतं, बाबा."

"किती येते?"

"डिझेल अन् ड्रायव्हरचा पगार वजा करून सांगतो. पन शून्य नाही येत."

देवरावांनी तिच्या हातातून डायरी काढून घेतली, मिटली, सदऱ्याच्या आत सारली. मग मला म्हणाले, "बारावीचा फॉर्म द्या."

मी दिला. त्यांनी उभ्या उभ्याच सही केली. दारापर्यंत गेले, मागं वळले आणि पोरीला म्हणाले, "शिक. जेवढं शिकाचं तेवढं शिक. पन मोजनं लोकायच्या घरी जाऊन कर!"