सिकलचं कार्ड

आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्यात आधी हारतुरे, मग सात पाहुण्यांची भाषणं, आणि वेळ उरलाच तर लग्नाळू मुलंमुली. माझ्या मुलीने त्या मंचावर चढायला साफ नकार दिला. ‘‘माझं मी पाहीन,’’ म्हणाली.

दोन वर्षांनी तिने पाहिला, तिच्याच पुण्याच्या ऑफिसातला. चौकशी केली तर त्याचे आजोबाही माझ्या वडिलांसारखेच नागपूरकडून जबलपूरच्या कारखान्यात नोकरीला आलेले. घर आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. मेळाव्यातही बहुधा हाच दाखवला असता.

त्याच सुमारास मी वाचलं होतं, की नवरा-बायकोची जनुकं कुठल्याही दोन अनोळखी माणसांपेक्षा थोडी जास्त सारखी निघतात. माणूस नकळत आपल्यासारखंच माणूस निवडतो म्हणे. मला भारीच कुतूहल वाटलं. सदर बाजारात चहा पिताना मी येणाऱ्याजाणाऱ्या जोडप्यांची नाकं न्याहाळू लागलो.

‘‘लोकं मारतील तुम्हाले,’’ बायको म्हणाली.

आम्ही पत्रिका पाहत नाही, सिकलचं कार्ड पाहतो. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भातल्या आमच्या लोकांत बराच आहे, म्हणून साखरपुड्याआधी तपासणी. दोघं त्यासाठी सुट्टी काढून घरी आले. कार्डं आली: दोघंही वाहक. त्यांना स्वतःला त्रास काही नाही, पण होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. सारखेपणाचा पुरावा असा थेट घरी येईल असं वाटलं नव्हतं.

‘‘मोडा,’’ बायको म्हणाली.

‘‘काहून? तुम्ही केली होती का तपासणी?’’ मुलगी म्हणाली. ‘‘मग मला हे कोणाकडून आलं?’’

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघांच्याही नजरेत एकच उत्तर होतं: समोरच्याकडून.

मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘काकू, डॉक्टरांना भेटून आलो आम्ही. बाळ पोटात असतानाच तपासता येते.’’

‘‘आणि नाही जमलं तर?’’

‘‘तो गोद ले लेंगे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आमचं ठरलंय, आई.’’

बायकोने दोन्ही कार्डं पुन्हा उलटून पाहिली. मग तिने मुलाला विचारलं, ‘‘तुमच्या आईचं काय म्हणणं?’’

‘‘ती पण हेच म्हणून राहिली. मोडा.’’

‘‘अच्छा?’’ बायको सरसावून बसली. ‘‘असं कसं मोडतात? लावा फोन, मी बोलते त्यांच्याशी.’’