पिंजाऱ्याच्या घराची शंभरी

शहाद्यातल्या आमच्या घराला शंभर वर्षं झाली, असं काकांनी गेल्या वर्षी जाहीर केलं. शंभरच का, हे विचारायची सोय नव्हती. घराचं खरं वय कोणालाच ठाऊक नाही, पण ब्याऐंशीव्या वर्षाचा फ्लेक्स शोभत नाही. फ्लेक्सवर काका कमरेपासून वर, त्यांच्या बाजूला वॉर्डातले सगळे भावी नगरसेवक, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं घर.

एक गोष्ट आधीच सांगते. हे घर आमच्या पूर्वजांनी बांधलेलं नाही. ते बांधलं मागच्या गल्लीतल्या चाचांच्या वडलांनी. ते पिंजारी होते; पुढच्या खोलीत कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. पुढे त्यांच्यात भावाभावांची वाटणी झाली आणि घर माझ्या आजोबांनी विकत घेतलं. तोवर आमचे पूर्वज जवळच्या ब्राह्मणपुरी गावात शेती करत होते आणि त्यांनी बांधलेली सर्वांत मोठी वास्तू म्हणजे म्हशींचा गोठा. आजोबांना याची कधी लाज वाटली नाही. गावही अजून ‘पिंजाऱ्याचं घर’ असंच म्हणतं. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. आठ्या पडतात त्या फक्त काकांच्या कपाळावर.

काकांचा इतिहास पाहुण्यागणिक वाढत गेलाय. पुढच्या खोलीत तुळईला एक लोखंडी कडी आहे. तिला कापूस पिंजायची धनुकली टांगलेली असायची. ती कडी काकांनी परस्पर तलवारीला देऊन टाकली. छताला तलवार टांगणारे आमचे पूर्वज शत्रू आला की आधी स्टूल शोधत असतील, असं मी एकदा पाहुण्यांसमोर बोलले. तेव्हापासून पाहुणे आले की मला चहा टाकायला आत पिटाळतात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चाचा आले. वय ऐंशीच्या पुढे, जन्म याच घरातला. ओट्यावर टेकले आणि काकांना म्हणाले, “भाऊ, उद्या भाषणमा मन्हा बापनं नाव एक डाव लेजो. दुसरं काई नको.”

“चाचा, हाई काय सांगानी गोट शे? पह्यलं नाव त्यासनंच!” काका म्हणाले.

मी तिथेच होते. चाचांचा चेहरा असा खुलला की मलाही क्षणभर काकांवर विश्वास बसला. एरवी मी त्यांना चांगली ओळखून आहे.

दुसऱ्या दिवशी चाचा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. माइक हातात आला की काकांची अहिराणी पळ काढते आणि छापील मराठी सुरू होते. “आमच्या पूर्वजांनी घाम गाळून ही वास्तू उभारली,” इथून निघाले ते तलवारीपर्यंत गेले, तलवारीवरून भावी नगरसेवकांच्या कार्यावर आले, मग मंडपवाल्याचे आभार मानले, स्पीकरवाल्याचे मानले. प्रत्येक नावाच्या वेळी चाचा खुर्चीत जरा पुढे सरकत आणि पुन्हा मागे टेकत. शेवटी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, ‘परिसरातील सर्वांत ज्येष्ठ शेजारी’ म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जागेवरूनच ओरडले, “काका, घर बांधणाऱ्याचं नाव राहिलं!” काकांनी माइकवर हात ठेवला, माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि मग जाहीर केलं की सर्वांनी जेवून जायचं आहे.

तेवढ्यात सूत्रसंचालकाला चाचांच्या तोंडून दोन शब्द ऐकायची हौस आली. आता फुटतं भांडं, म्हणून मी सरसावून बसले. चाचांनी माइक दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, “ज्यानी हाई घर बांधं, त्यानं भलं होवो.”

टाळ्या पडल्या. काका उठले, हात जोडले आणि मान लववून त्या शुभेच्छा त्यांनी स्वतः स्वीकारल्या.

चाचांना घरी सोडायला मी गेले. राग पोटात मावत नव्हता. “चाचा, माइक तुमच्याच हातात होता. नाव का नाही घेतलंत?”

“मी त रोज लेस, बेटा,” ते म्हणाले. “तुन्हा काकाना तोंडतून आयकानं व्हतं.”